नामानिराळा अहवाल

त्या कार्यालयात चूक कोणाचीच नसायची. म्हणजे चुका व्हायच्या, चांगल्या घसघशीत व्हायच्या, पण त्या आपोआप व्हायच्या, उन्हाळ्यात घामोळं येतं तशा. हा नियम कोणी वरून लादलेला नव्हता. ताईनेच तो अकरा वर्षांपूर्वी भांडून करून घेतला होता. त्यामुळे पुढे जे झालं त्याबद्दल दुसऱ्या कोणाला शिव्या घालायचीही तिला सोय उरली नाही.

ताई डेटाबेस सांभाळायची. वय बावन्न, गुडघे कुरकुरणारे, जीभ त्याहून जास्त. संस्थेची चौदा केंद्रं होती. मूत्रपिंडं निकामी झालेल्या नऊशे माणसांचं रक्त तिथे आठवड्यातून तीनदा यंत्रावर शुद्ध व्हायचं. कोणाच्या अंगातून किती पाणी काढायचं, कोणाला कुठलं औषध चालत नाही, सुई कुठल्या हाताला लावायची, हे सगळं ताईच्या डेटाबेसात. केंद्रातल्या नर्सने पडद्यावर नाव उघडलं की आकडे समोर. सतरा वर्षांत एकदाही आकडा चुकीचा दिसला नव्हता आणि त्याबद्दल ताईला कोणी कधी शाबास म्हटलं नव्हतं. नळाला पाणी आलं म्हणून नळाचे आभार कोण मानतं?

तिचा वरिष्ठ चकाचक. हे नाव कार्यालयानेच ठेवलेलं. टेबलावर कागद नाही, खणात धूळ नाही, मनात किंतु नाही. अकरा वर्षांपूर्वी तो नवाकोरा आला होता, आणि तिसऱ्याच आठवड्यात सरावाचा तक्ता समजून त्याने रुग्णांच्या वेळांचा खराखुरा तक्ता पुसून टाकला होता. तेव्हाचे साहेब जुन्या वळणाचे. दाराशी एक फळा होता, त्यावर चूक करणाऱ्याचं नाव महिनाभर खडूने लिहून ठेवायचे. तेवीस वर्षांचा घोडा जिन्यात बसून रडत होता. ते ताईला बघवेना. ती तरातरा साहेबांच्या खोलीत गेली. "नावं लिहीत बसलात तर उद्यापासून सगळे चुका लपवतील, मग बसा शोधत," असं म्हणाली, आणि दोन तास हटली नाही. फळा उतरला. नियम झाला की बिघाडाच्या अहवालात माणसाचं नाव यायचं नाही, काय घडलं तेवढंच यायचं. भीती गेली की माणसं खरं बोलतील, असा तिचा हिशोब होता. भीती गेली खरी. जाताना लाजही घेऊन गेली, हे कळायला अकरा वर्षं लागली.

चकाचक पुढे भराभर चढला. कानामागून आला आणि तिखट झाला, असं लोक म्हणायचे. ताई म्हणायची नाही. तिला त्याचा अभिमान होता. आपण हात धरून शिकवलेला माणूस आपल्याला हुकूम सोडायला लागला तरी तोंडाने ताईच म्हणतोय, यात ती खूश होती.

गेल्या वर्षी सगळी व्यवस्था नव्या पद्धतीवर गेली. आता प्रत्येक प्रोग्राम आपापल्या बंद डब्यात राहतो, कंटेनर म्हणतात त्याला. अशा शेकडो डब्यांवर नजर ठेवणारा आणखी एक प्रोग्राम असतो. त्याचं खरं नाव उच्चारताना जीभ अडखळायची, म्हणून सगळे त्याला मुकादम म्हणायचे. मुकादम दर दहा सेकंदांनी प्रत्येक डब्याला विचारतो, जिवंत आहेस का? तीनदा उत्तर आलं नाही की डबा फेकतो आणि त्या जागी नवा ठेवतो. साध्या प्रोग्रामांना हे झकास. डेटाबेसाचं तसं नाही. त्याची आवृत्ती बदलली की पहिल्यांदा सुरू होताना तो जुना साठा नव्या रचनेत बसवून घेतो. सतरा वर्षांचा साठा, चाळीस मिनिटं तरी लागणार, आणि तेवढा वेळ तो कोणाला ओ देत नाही. मान खाली घालून काम करणाऱ्याला मेला समजायची चूक माणसंही करतात, मुकादम तर यंत्र. म्हणून ताईने मुकादमाच्या नियमांत अपवाद लिहून ठेवला होता की डेटाबेसला तासभर काही विचारू नये. खाली टीप होती: हे काढू नका, काढावंसं वाटलं तर आधी मला विचारा.

चकाचकला अपवाद आवडत नसत. सगळ्या डब्यांना एकच नियम, असा त्याने धडाका लावला. तीनशे चाळीस फायलींतले लहानमोठे अपवाद त्याने आठवडाभर बसून शोधले आणि काढायची यादी केली. एवढा बदल हाताने कोण करणार, म्हणून तो यंत्राच्या नावाच्या खात्यातून लावायचं ठरलं; तिथे नोंद माणसाची नाही, यंत्राची होते. फक्त लावण्याआधी दुसऱ्या कोणीतरी वाचून मंजूर करायचा असतो. तो ताईच्या टेबलाशी आला.

"ताई, नुसती साफसफाई आहे. सगळीकडे तेच ते. तेवढं मंजूर करून टाका ना, आज गेलं पाहिजे."

ताईने पहिल्या तीस फायली वाचल्या. खरंच तेच ते होतं. घड्याळात साडेचार झाले होते, सासूबाईंना डोळ्यांच्या डॉक्टरांकडे न्यायचं होतं. तिने मंजूर केलं. तिचा अपवाद दोनशे बाराव्या फायलीत होता. तोही गेला आणि टीपही गेली. मंजूर करणं म्हणजे वाचणं, हे वाक्य ज्या बाईने कार्यालयातल्या प्रत्येकाला घोटून घोटून शिकवलं, तिनेच न वाचता बटण दाबलं. का, तर विचारणारा आपला होता.

सहा आठवड्यांनी डेटाबेसची आवृत्ती बदलायचा रविवार आला. रविवारी केंद्रं बंद असतात. रंगीत तालीम झालेली होती, पण छोट्या नमुन्यावर. नमुन्याला वीस सेकंद लागले, मुकादमाचा संयम तीस सेकंदांचा, त्यामुळे तालमीत सगळं कसं छान. सकाळी नऊ वाजता ताईने जुना डबा थांबवला आणि नव्या आवृत्तीचा सुरू केला. पडद्यावर ओळ उमटली, रूपांतर सुरू. ती चहा घेऊन आली. पुन्हा तीच ओळ. ती कप ठेवून पुढे वाकली. पुन्हा तीच. मुकादम दर अर्ध्या मिनिटाने डेटाबेसला मेला ठरवत होता, फेकत होता, नवा आणत होता, आणि प्रत्येक नवा डबा आधीच्याने अर्धवट उचकटलेल्या साठ्यावर नव्याने हात टाकत होता. ताईने मुकादमाला हाताने थांबवलं तेव्हा हे एकोणीस वेळा होऊन गेलं होतं. साठ्याची पार वाट लागली होती.

शनिवारची राखीव प्रत शाबूत होती. म्हणजे आकडा एकही हरवला नाही. पण ती प्रत परत बसवायला सत्तावीस तास लागले, आणि सोमवारी सकाळी सहाला केंद्रं उघडली.

अशा वेळेसाठी केंद्रात रुग्णांच्या आकड्यांचे छापील कागद ठेवलेले असतात, महिन्यातून एकदा काढलेले. एका केंद्रात एक निवृत्त मास्तर यायचे, गणिताचे, वय एकोणसत्तर. मध्यंतरी आजारपणात ते फार उतरले होते. मग अन्न जायला लागलं, अंगावर मांस चढलं, आणि डॉक्टरांनी त्यांचं ठरवलेलं वजन दोन किलोंनी वाढवलं. ठरवलेलं वजन म्हणजे पाणी काढून झाल्यावर माणसाचं जेवढं वजन भरलं पाहिजे ते. कागद त्याच्या आधीचा होता. मास्तर म्हणाले, "माझा आकडा वाढवलाय डॉक्टरांनी, दोनने." नर्स म्हणाली, "बाबा, तुमच्या सांगण्यावर मशीन लावता येत नाही, कागदावर सही आहे." तिचंही बरोबरच होतं. यंत्राने दोन किलो पाणी जास्त ओढलं. मास्तर खुर्चीतून उठले, रक्तदाब खाली गेला, आणि जे कोसळले ते खुब्याचं हाड मोडूनच थांबले.

बुधवारी ताई इस्पितळात गेली. सांगितलं कोणी नव्हतं, आपली आपणच गेली. आठ खाटांची खोली होती. मास्तरांच्या पायाला वजन लटकवलेलं. मुलगी सकाळी येऊन दुकानावर गेली होती. ताईने कार्यालयाचं नाव सांगितलं, तर मास्तर बिचारे उठून बसायची धडपड करायला लागले.

"तुम्हाला उगाच हेलपाटा पडला माझ्यामुळे," ते म्हणाले. "मलाच आकडा ठासून सांगता आला नाही. चाळीस वर्षं पोरांना ओरडत आलो, उत्तर बरोबर असेल तर आवाज चढवून सांगा म्हणून. आणि स्वतःची वेळ आली तर एकदा बोललो आणि गप्प बसलो."

"तुमची चूक नाही हो मास्तर."

"मग कोणाची?"

प्रश्न सरळ होता. ताईच्या तोंडून अकरा वर्षांच्या सवयीने उत्तर गेलं. "सिस्टीमची."

मास्तर हसले. आपली समजूत घालायला कोणी खोटं बोललं की शहाणा माणूस हसतो तसं. "यंत्राचं गणित चुकत नाही, बाई. चुकतं ते घालणाऱ्याचं. असो. माझंच चुकलं म्हणायचं."

ताईला तिथल्या तिथे जमीन दुभंगेल तर बरं असं झालं. ती मास्तरांच्या उशाचं पाण्याचं भांडं भरून ठेवून निघाली.

घरी तिने नवऱ्याला सगळं सांगितलं. नवरा बस चालवायचा. त्याने शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "आमच्यात अपघात झाला की आधी ड्रायव्हरचं नाव विचारतात. तुमच्यात काय, बस आपोआप चालते?"

"मी न वाचता मंजूर केलं," ताई म्हणाली.

"ते कळलं. काढलं कोणी?"

ती भांडी आवरायला उठली. पण मनाशी तिने पक्कं केलं. मास्तरांना माणसाच्या तोंडून ऐकवायचं. मी न वाचता मंजूर केलं, आणि चकाचकने न विचारता काढलं. दोन वाक्यं. एक तिचं, एक त्याचं. अहवालात नावं नकोत तर नकोत, पण त्या म्हाताऱ्याच्या डोक्यावरचं ओझं तर उतरवायला हवं.

गुरुवारी चकाचकने अहवालाचा मसुदा पाठवला. चार पानं, इस्त्री केल्यासारखी. मधलं वाक्य असं होतं: 'एका स्वयंचलित बदलाद्वारे सदर अपवाद काढला गेला. हा बदल मानवी तपासणीत मंजूर झालेला होता.' ताईने ते तीनदा वाचलं. काढला तो यंत्राने, आणि मंजूर केला तो माणसाने. डेटाबेसचे बदल तपासणारं माणूस त्या कार्यालयात एकच होतं. नाव न घेता नाव कसं घ्यावं, हे कोणाला शिकायचं असेल तर त्याने ते वाक्य पाठ करावं. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणावं, तर ताई काही संन्यासी नव्हती. हेच तिला जास्त लागलं.

ती त्याच्या खोलीत गेली आणि दार लावून घेतलं.

"स्वयंचलित? अरे, आठवडाभर बसून तू एकेक ओळ शोधत होतास."

"ताई, खातं यंत्राचं आहे. नोंद तेच सांगते."

"नोंदीला सांगता येत नाही, तुला येतं. हे बघ, मी न वाचता मंजूर केलं, हे मी मास्तरांना सांगणार आहे. तू माझ्याबरोबर चल. एवढंच म्हण की मी न विचारता काढलं. कागदावर नको, तोंडाने म्हण."

तो पेन सरळ करत राहिला. "त्याने काय होईल, ताई?"

"तुझं काहीच होणार नाही. म्हाताऱ्याचं होईल. तो स्वतःला दोष देत पडलाय."

"आणि उद्या त्यांनी वकील गाठला तर? आज मी बोललो, उद्या बाकीच्यांनाही बोलावं लागेल. नियमामागचा विचार तुमचाच ना? व्यक्ती नाही, पद्धत बघायची."

"मला माझंच शिकवू नकोस."

"शिकवत नाही हो. विनंती करतोय." खरंच त्याचा आवाज विनंतीचाच होता. हा माणूस दुष्ट असता तर ताईला किती सोपं गेलं असतं! तो दुष्ट नव्हता. त्याला फक्त स्वच्छ राहायचं होतं, आणि हात पुसायला फडकं म्हणून ताईचाच पदर जवळ होता.

दुपारी बैठकीत अहवाल वाचला गेला. नऊ जण होते. त्यातल्या निदान पाचांना कोणी काय काढलं ते ठाऊक होतं. अळीमिळी गुपचिळी. एकाने छपाई महिन्याऐवजी आठवड्याला करावी असं सुचवलं, दुसऱ्याने वा म्हटलं, आणि अहवाल मंजूर झाला. तोसुद्धा बहुधा न वाचताच.

शुक्रवारी अकराच्या सुमारास मास्तरांची मुलगी आली. चष्म्याच्या काचा घासून द्यायचं तिचं दुकान होतं. नखांत पांढरी भुकटी, खांद्याला कापडी पिशवी, आणि आवाज अजिबात चढलेला नाही. चकाचकने तिला बैठकीच्या खोलीत बसवलं, पाणी दिलं, मनापासून दिलगिरी व्यक्त केली, आणि अहवालाची प्रत पुढे ठेवली. ताईलाही त्यानेच बोलावून घेतलं. मुलीने चारही पानं वाचली, शेवटून पुन्हा पहिल्यापर्यंत आली.

"यात माणूस कुठे आहे?" तिने विचारलं.

"आमची पद्धत अशी आहे की—" चकाचक सुरू झाला.

"तुमची पद्धत वाचली. माझ्या दुकानात काचेचा नंबर चुकला तर गिऱ्हाईक माझ्याकडे बोट दाखवतं आणि मी म्हणते, हो, माझ्याकडून झालं. घासायची मशीन माझ्याकडेही आहे. मी भांडायला आले नाही. बाबा चार रात्री झोपलेले नाहीत. मीच ठासून सांगायला हवं होतं, म्हणून घोकत बसलेत. मला फक्त जाऊन त्यांना सांगायचंय की तुमची चूक नाही, अमक्याची आहे. ते गणिताचे मास्तर आहेत, यंत्राचं नाव सांगितलं तर त्यांना पटत नाही."

ताईने खुर्ची पुढे ओढली. इस्पितळात हुकलेली वेळ पुन्हा समोर येऊन बसली होती, पांढऱ्या नखांनी कागद धरून.

"माझी," ती म्हणाली. "तो बदल मी न वाचता मंजूर केला. वाचला असता तर हे झालं नसतं."

मुलीने तिच्याकडे नीट पाहिलं. पहिल्यांदाच त्या खोलीत कोणीतरी माणसासारखं बोललं होतं. तिचा चेहरा किंचित सैल झाला. "बरं. आणि केला कोणी?"

खोलीत तिघंच होते. ताईने चकाचककडे बघितलं. बोल, आता तरी बोल, मी पुढे गेले आहे, मागून ये, असं ते बघणं होतं. त्यालाही ते कळलं. मग तो हसला, अगदी हळवं हसला, आणि मुलीकडे वळला.

"आमच्या ताई ना, फार मोठ्या मनाच्या आहेत. कोणाचंही असो, सगळं स्वतःवर घेतात. आम्हाला लहानाचं मोठं यांनीच केलंय. यांच्या बोलण्यावर जाऊ नका, खरंच कोणा एकाचा दोष नाही."

झालं. ताईने पोटातून उपसून काढलेलं खरं वाक्य त्याने अलगद उचललं आणि त्याला हार घालून भिंतीवर टांगून टाकलं.

"खरं का?" मुलीने ताईलाच विचारलं.

आता नाही म्हणायचं. मोठं मन वगैरे काही नाही, मंजूर मी केलं, काढलं याने, हा बसलाय समोर. एवढंच. शब्द जिभेवर आले होते. पण सतरा वर्षांत या कार्यालयात तिला कोणी कधी चांगलं म्हटलं नव्हतं. आत्ता म्हटलं होतं, तेही परक्या माणसासमोर, तेही याने. ते खोटं आहे, फसवण्यासाठी आहे, हे तिला लख्ख कळत होतं. तरी गोड लागलं. किती वेळ? दोन श्वास, तीन श्वास. तेवढ्या वेळात ती गप्प राहिली, आणि गप्प राहणं हेच उत्तर झालं.

मुलीने अहवालाची घडी घातली. मग विचार बदलून तो टेबलावरच ठेवला आणि पिशवी खांद्याला लावून उठली.

"मग बाबांना जाऊन काय सांगू?" ती ताईला म्हणाली. "तुमचं हाड मोडलं, पण तिथल्या एका बाईचं मन फार मोठं आहे?"

ताईने तोंड उघडलं. पण तोवर चकाचक उठला होता. त्याने पुढे होऊन मुलीसाठी दार उघडून धरलं.